उंबऱ्यावरचा उजेड

गल्लीत त्याला सगळे गरुड म्हणत. अंगकाठी चिमणीची, पाठीला पोक, चालणं मान खाली घालून. पण नजर अशी, की गिऱ्हाईक उंबरा चढायच्या आत त्याच्या कोपराचं भोक ह्याने लांबूनच हेरलेलं असायचं आणि हात धाग्यांच्या डब्याकडे गेलेला असायचा. धंदा रफूचा. कसरीने खाल्लेलं, ठिणगीने जळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड तो असं विणून द्यायचा, की फाटलं होतं कुठे हे मालकालाही सांगता येऊ नये. बाकीचे कारागीर आपलं काम चारचौघांत मिरवतात. ह्याचं काम दिसलं म्हणजे फसलं. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून शोधायचं, सापडायचं नाही, मग हसायचं. त्या हसण्यावर तो जगत होता असं म्हटलं तर पोटाचा अपमान होईल, पण ते अगदीच खोटं ठरणार नाही.

नव्या कापडाचं रफू सोपं असतं. शिवणीच्या आत शिंप्याने जी माया सोडलेली असते, म्हणजे दुमडून ठेवलेलं जादा कापड, तिच्यातून चार धागे ओढायचे आणि तेच भोकावर विणायचे. जुन्या कपड्याला हे चालत नाही. मायेवर ऊन पडलेलं नसतं, तिचा धागा ताजातवाना असतो. तो बाहेर घातला की त्यापेक्षा मूळ भोक बरं होतं असं वाटायला लागतं. जुन्याला जुनाच धागा लागतो. गरुडाकडे त्याचे पत्र्याचे डबे होते, बापाच्या वेळेपासूनचे. टाकून दिलेल्या कोटांतून, शालींतून, विजारींतून उसवून ठेवलेले धागे. नुसत्या राखाडीचेच एवढे प्रकार, की बायको म्हणायची, चुलीतल्या राखेतसुद्धा एवढे सापडायचे नाहीत.

आणि ह्या सगळ्याच्या वर बापाचा एक नियम होता. धागा दिव्याखाली निवडायचा नाही. कापड उंबऱ्यावर न्यायचं, धागा त्यावर आडवा टाकायचा आणि दिवसाच्या उजेडात बघायचं. धागा कापडात बुडाला तर घ्यायचा, तरंगला तर परत डब्यात. दिवा फसवतो, उंबरा फसवत नाही, असं बाप सांगायचा. दुकानाचं तोंड उत्तरेला होतं. ऊन कधी आत येत नाही, थंडीत बोटं आखडतात, म्हणून दुसरा कुणी ती खोली घेईना. बापाने ती उड्या मारत घेतली, कारण उत्तरेचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा असतो. समोर कागदाच्या गठ्ठ्यांची एक बैठी वखार होती, तिच्यावर मोकळं आभाळ. बाप त्या आभाळाकडे बघून धागा निवडायचा, पुढे मुलगा निवडायला लागला.

गल्ली तशी दुरुस्तीवाल्यांचीच होती. चपला शिवणारा, कुलपं उघडून देणारा, छत्र्यांच्या काड्या बसवणारा, आणि गरुडाच्या भिंतीला भिंत लावून बटणवाला. बटणवाल्याकडे जगातल्या कुठल्याही शर्टाचं हरवलेलं बटण मिळायचं, आणि बटणाबरोबर एक टोमणा फुकट. गिऱ्हाईक कोट घेऊन आलं की रफू इकडे, बटण तिकडे. दोघांची मैत्री रोज भांडण्याएवढी जुनी होती.

मग वखार पडली. कपड्यांच्या एका बड्या कंपनीने ती जागा घेतली आणि तिथे आपलं फ्लॅगशिप स्टोअर बांधायला काढलं. बाकीच्या शाखा कपडे विकायला असतात, हे दुकान कंपनीला मिरवायला असतं, एवढं बटणवाल्याने कुठून तरी वाचून आणलं होतं. दोन वर्षं गल्लीने धूळ खाल्ली. मग पडदे काढले आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. सबंध दर्शनी भिंत काचेची, आणि तीही सपाट नाही. टांगलेल्या कापडाला पडाव्यात तशा तिला वरपासून खालपर्यंत चुण्या. काचेला फिकट तांब्याची झाक. दाराला पायरी नाही, उंबरा नाही. चालता चालता माणूस कधी आत गेला हे त्यालाच कळू नये अशी सोय. कुठल्याशा मासिकात तिचे फोटो आले, बक्षीस मिळालं. रस्त्याला चेहरा मिळाला असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे आधी आम्ही सगळे बिनचेहऱ्याचे होतो, असं बटणवाला म्हणाला.

चेहरा मिळाला तसे हातपाय कापले गेले. फुटपाथ गुळगुळीत झाला, त्याच्या कडेचा कठडा गेला, कारण कठड्यावर माणसं बसतात. चपलावाल्याला गणवेशातल्या माणसाने आधी थोडं सरका म्हटलं, मग अजून थोडं, आणि सरकत सरकत तो गल्लीच्या बाहेर गेला. भाडी चढली. कुलूपवाल्याच्या जागी अत्तरं आली, छत्रीवाल्याच्या जागी कॉफी. गर्दी दसपट झाली, पण ती हातात फाटकं घेऊन येत नव्हती. ती फोन वर धरून यायची, काचेचा फोटो काढायची आणि नवं घेऊन जायची. ह्याला कुणाचा दोष म्हणावं मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच जास्त राग येतो.

गरुड मात्र सुरुवातीला खूश होता, हे सांगितलंच पाहिजे. वखार गेली आणि काच आली तसा त्याच्या दुकानातला उजेड वाढला. समोरच्या काचेवर दिवसभर ऊन पडायचं आणि ते थेट ह्याच्या उंबऱ्यावर सांडायचं. ज्या खोलीला उभ्या जन्मात ऊन माहीत नव्हतं तिच्यात आता ऊब आली. बोटं आखडेनाशी झाली. लोक त्या दुकानाच्या नावाने बोटं मोडतात, पण माझं म्हाताऱ्याचं भलं झालं, असं तो बायकोला म्हणाला. त्यात मुलीला तिथेच नोकरी लागली. छातीवर बिल्ला लावून ती कपड्यांच्या घड्या घालायची, लोकांना माप सांगायची. बापाने जन्मभर जुनं जपलं आणि मुलगी नवं विकते, ह्याचं त्याला हसू यायचं, आणि अभिमानही होता.

शाळेतल्या बाई त्याचं जुनं गिऱ्हाईक. नवरा गेल्यापासून त्या थंडीत नवऱ्याचाच राखाडी कोट घालायच्या, बाह्या दुमडून. त्याला छातीपाशी कसर लागली. गुडघा दुखतो, जमलं तर शाळेत आणून द्याल का, असं त्यांनी विचारलं, आणि गरुडाने मोठ्या आनंदाने मान डोलावली. ते काम त्याने जीव ओतून केलं. धागा निवडायला दुपार घालवली, उंबऱ्यावर एकेक टाकून बघितला, शेवटी एक असा बुडाला की तो स्वतःच पुन्हा शोधत बसला. रफू झाल्यावर बटणवाल्याला बोलावून दाखवलं. बटणवाल्याने चष्मा कपाळावर चढवून, खाली आणून, सगळं करून बघितलं आणि हात टेकले.

शाळेच्या ओसरीत बाईंनी कोट उलगडला. छातीवर, जिथे बाईंचे यजमान पेन लावायचे त्याच्या खाली, बोटाएवढा तपकिरी ठिपका होता. रफूचा धागा कापडावर तरंगत होता. नवशिक्यालाही दिसावं असं. बाईंनाही दिसलं. त्या एवढंच म्हणाल्या, “घाईत केलंत का?”

त्याने कोट परत आणला. सगळं उसवलं. पुन्हा दुपारभर उंबऱ्यावर बसून दुसरा धागा निवडला, पुन्हा विणलं, पुन्हा तो कापडात नाहीसा झाला. पुन्हा शाळा, आणि पुन्हा ठिपका. आता जरा वेगळ्या रंगाचा, एवढंच. ह्या वेळी बाईंनी कोट त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. असू द्या आता, वय तुमचंही झालं आणि माझंही, असं म्हणून त्यांनी पाणी विचारलं. त्यांनी रागवायला हवं होतं. त्या रागावल्या असत्या तर तो भांडला असता, भांडता भांडता काही तरी सुचलं असतं.

तुम्ही म्हणाल, त्याच्या डोक्यात कसं आलं नाही? दुकानात एक रंग, शाळेत दुसरा, मग दोन उजेडांतला फरक बघायला काय झालं होतं? पण डोळा फार लवकर सरावतो. त्या तांबूस उजेडात त्याचे हात हातांसारखे दिसत होते, भिंत भिंतीसारखी, चहा चहासारखा. आणि मुख्य म्हणजे धागा उंबऱ्यावर निवडला होता, दिवसाढवळ्या, बापाने सांगितला तसा. तिथे चूक असूच शकत नव्हती. राहता राहिलं काय, तर स्वतःचे डोळे. नियम मोडून त्याने तो धागा आतल्या साध्या दिव्याखाली धरला असता तरी त्याला फरक लख्ख दिसला असता. पण नियम मोडायचा त्याचा पिंड नव्हता. मग त्याला आठवत गेलं, की अलीकडे बरीच गिऱ्हाइकं एकदा येऊन पुन्हा आली नव्हती. आपण त्या दुकानाला दोष देत होतो. ती बहुतेक आपलं काम बघून गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, ह्या वयात असतेच, काही वर्षं हात लावायची गरज नाही. ह्यातला मोतीबिंदू तेवढा त्याने ऐकला. घरी येऊन बायकोलाही त्याने तेवढंच सांगितलं. ती बिचारी म्हणाली, अहो, सगळ्यांनाच होतो. पण सगळे रफू करत नाहीत. त्या दिवसापासून ती सुईत दोरा ओवून घ्यायला त्याच्याकडे येईनाशी झाली. आयुष्यभर तोच ओवून द्यायचा. आता ती गुपचूप शेजारणीकडे जायची, ह्याला वाईट वाटू नये म्हणून.

गरुडाच्या रांगेतली बाकीची दुकानं एव्हाना उठली होती. जागेच्या मालकाला सगळी रांग मोकळी करून एका मोठ्या कॉफीवाल्याला द्यायची होती. काचेसमोर बसून काच बघायला लोक तिप्पट दराने कॉफी पितात म्हणे. राहिले होते हे दोघे. बटणवाल्याने आणि गरुडाने एकमेकांना शब्द दिला होता, की दोघांपैकी एकही उठणार नाही. मधली भिंत सामायिक होती. एक दुकान राहिलं तर दुसरं पाडता येत नव्हतं, एक गेलं तर दुसरं टिकत नव्हतं. मालकाचा माणूस दर महिन्याला यायचा आणि बटणवाला त्याला दर महिन्याला एक बटण हातात ठेवून परत पाठवायचा.

डोळे गेले, आपण उठतोय, हे गरुडाने त्याला सांगितलं ते दुकान बंद करता करता, कुलूप हातात असताना. बटणवाल्याने आपल्या दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग म्हणाला, “दुसरं काही कारण असतं ना, तर जन्मात तुझं तोंड बघितलं नसतं. पण डोळ्यांपुढे कुणाचं चालतं?”

महिन्याभरात दोन्ही दुकानं रिकामी झाली. बटणवाला मुलाकडे राहायला गेला, लांब, दुसऱ्या शहरात. जाताना त्याने बटणं वजनावर विकली. हस्तिदंती, शिंपल्याची, पितळी, लाकडी, सगळी एकाच पोत्यात. गरुडाने डबे घरी आणले आणि पलंगाखाली सरकवले.

पुढे एक दिवस कंपनीने आपल्या माणसांच्या घरच्यांना दुकान बघायला बोलावलं. मुलीने बापाचा शर्ट इस्त्री करून ठेवला. इतकी वर्षं समोर बसून त्या दारातून तो कधी आत गेला नव्हता. मुलीने हात धरून सगळे मजले दाखवले, मैत्रिणींना सांगितलं, हे माझे बाबा. सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेची एक उघडी गच्ची होती. दुपार होती. तिथून त्याने खाली पाहिलं, आणि त्याला आपली रांग दिसली. भिंती, बंद दारं, फुटपाथ, चालणारी माणसं, सगळं तांबूस सोनेरी उजेडात न्हालेलं. बाजूच्या बोळात मात्र उजेड साधा होता. दोन्हींच्या मध्ये रस्त्यावर सरळ रेघ उमटली होती.

“छान दिसतं ना?” मुलगी म्हणाली. “मुद्दाम केलंय ते, बाबा. आर्किटेक्ट आले होते, त्यांनीच सांगितलं. समोरच्या बाजूला नुसता पांढरा, मेलेला उजेड पडायचा. म्हणून काचेचा रंग असा निवडला, की इथलं ऊन तिकडे जाऊन सगळ्यावर चढावं.”

त्याने विचारलं, हे ह्याच वेळी होतं का. नाही, ती म्हणाली, काचेवर ऊन आहे तोवर, दिवसभर. तो कठड्याला धरून उभा राहिला. मुलीच्या छातीवरचा बिल्ला त्याच्याकडे बघत होता, मागे तिच्या मैत्रिणी होत्या, हातात सरबताचे पेले होते. तिने विचारलं, आवडलं का. आवडलं, तो म्हणाला.

खाली उतरून तो आपल्या दुकानापाशी गेला. दाराला फळ्या ठोकल्या होत्या, पण उंबरा अजून होता. पाकिटात त्याने बाईंच्या कोटाचा एक धागा आणि आपण निवडलेला एक धागा गुंडाळून ठेवला होता. का ठेवला होता म्हणून विचारू नका. दुखरा दात आपणही जिभेने चाचपत राहतोच. उंबऱ्यावर बसून त्याने दोन्ही धागे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. ते एकच होते. तो उठून बोळात गेला. तिथे एक निळसर राखाडी होता आणि दुसरा तपकिरी. पुन्हा उंबरा, पुन्हा बोळ. गणवेशातला माणूस लांबून बघत होता, की हा म्हातारा मुठीत काय घेऊन फेऱ्या मारतोय. डोळे चांगले होते. पहिल्यापासून चांगले होते. फसवलं होतं ते उंबऱ्याने, आणि उंबऱ्यापाठोपाठ त्याने स्वतःचा, बापाच्या धंद्याचा आणि बटणवाल्याच्या दुकानाचा निकाल लावला होता.

तो तडक शाळेत गेला. बाई ओसरीत वह्या तपासत होत्या आणि कोट खुर्चीच्या पाठीवर होता. ठिपका आता दिसत नव्हता. बाईंनी त्याच्यावर स्वतःच्या हाताने एक खिसा शिवून टाकला होता, लांब लांब टाके, काळ्या दोऱ्याचे. गरुडाने सगळं सांगितलं. काच, उजेड, उंबरा, बोळ; धाप लागेपर्यंत सांगितलं, धागे काढून दाखवले. एकदा द्या, म्हणाला, घरी मागच्या गच्चीत बसून करतो, दिसायचं नाही, शब्द देतो.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि कोटावर हात ठेवला. “असेल हो, तसंच झालं असेल,” त्या म्हणाल्या. “पण आता नको त्याला हात लावायला.”

वही पावसात भिजली असं सांगणाऱ्या मुलाशी त्या ह्याच आवाजात बोलत असणार. आपण खरं बोलतोय आणि ते म्हाताऱ्याच्या सबबीसारखं ऐकू येतंय, हे त्याला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तेवढं दिसायला त्याला कुठल्याच उजेडाची अडचण नव्हती. त्याने धागे पुन्हा पाकिटात ठेवले.

घरी आल्यावर त्याने बटणवाल्याला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होता? की माझे डोळे ठीक आहेत? त्याच डोळ्यांपायी त्या माणसाने त्याला माफ केलं होतं. मुलीला सांगावं, तर तिला उद्या त्याच काचेखालून कामावर जायचं होतं, आणि तिच्या पगारावर आता घर चाललं होतं. तो पलंगावर बसून राहिला. खाली डबे होते. त्याने ते उघडले नाहीत.

बायको सुई-दोरा घेऊन दाराकडे निघाली होती, शेजारणीकडे. तो म्हणाला, आण इकडे. ती थबकली, काही तरी सबब सांगायला लागली, मग मुकाट्याने सुई त्याच्या हातात दिली. त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, खिडकीकडे तोंड केलं आणि एका झटक्यात दोरा ओवला.

तिचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी खुलला. “अहो, दिसतंय की तुम्हाला!”

“दिसतंय,” तो म्हणाला.

डॉक्टरला काय कळतं, मी म्हणतच होते, असं बोलत ती सुई घेऊन आत गेली. आतून मुलीला हाक मारून तिने आनंदाने सांगितलंसुद्धा, की बाबांना अगदी पहिल्यासारखं दिसतं. मुलीने काय उत्तर दिलं ते त्याने ऐकलं नाही. त्याने खिडकी लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.